खाऱ्या पाण्यातली जित्राबं

समुद्रातून तेल येतं म्हटलं की लोकांना वाटतं, नळ सोडला आणि तेल आलं. तेल एकटं कधीच येत नाही. त्याच्याबरोबर जमिनीच्या पोटातलं पाणी येतं. गरम, समुद्रापेक्षा खारट, आणि वास असा की पहिल्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नव्हतो. तेलाची विहीर जवान असते तेव्हा तेल जास्त, पाणी कमी. म्हातारी झाली की पाणीच पाणी. माणसाचंही तसंच, असं आमच्यातला एक फिटर म्हणायचा, आणि लगेच लघवीला जायचा.

ते पाणी उरणच्या किनाऱ्यावर साफ करून मग खाडीला सोडायचं, हे माझं काम. नोकरी जमिनीच्या बदल्यात मिळालेली, घरटी एक. शाळा चौथीपर्यंत. पुढे गेलो नाही आणि त्याचं मला काही वाटतही नाही. साहेब इंग्रजीत सांगायचे, मी मराठीत करायचो, पाणी साफ व्हायचं.

आधी ते पाणी मोठ्या टाकीत निजवायचं. निजलं की तेल वर येतं, ते वरच्या वर काढून घ्यायचं. मग दुसऱ्या टाकीत खालून बारीक बुडबुडे सोडायचे. उरलेलं तेल बुडबुड्यांना धरून वर चढतं, दुधावर साय यावी तसा तपकिरी फेस जमतो, तोही खरवडून काढायचा. एवढं करून पाण्यात काहीतरी राहतंच. डोळ्याला दिसत नाही, नाकाला कळतं. ते खायला तिसऱ्या टाकीत किडे पाळलेले. किडे म्हणजे चिमटीत धरता येतील असे नव्हेत, नुसत्या डोळ्याला दिसतच नाहीत. टाकीत दिवसरात्र हवा मारायची, ते हवेवर आणि तेलावर जगतात. खाणं कमी पडलं तर वरून गूळ आणि युरिया. साहेब लोक त्याला बायोमास म्हणायचे. मी जित्राबं म्हणायचो, कारण सगळं गोठ्यासारखंच होतं. वेळेवर खायला द्या, आजारी पडली तर रंगावरून ओळखा, आणि सणवार असो नसो, सुट्टी नाही. खुशीत असली की टाकीचा रंग चहाच्या चोथ्यासारखा, आणि वास भाताच्या खाचरातल्या ओल्या मातीचा. मी शिफ्टवर आलो की आधी तिथे जाऊन उभा राहायचो. डबा नंतर.

आता माझ्या तायचं सांगतो, कारण तिच्याशिवाय ह्यातलं काही सांगण्यासारखं नाही.

ताय म्हणजे माझी बहीण, माझ्याहून मोठी, गावातल्या गावात दिलेली. आमच्या घरापासून चार घरं सोडून. ओहोटी लागली की ती खाडीत उतरायची, निवट्या, चिंबोऱ्या, कालवं काढायची आणि उरणच्या बाजारात नेऊन विकायची. एक वर्षी बाजारातल्या बायकांनी तिची पाटी परत केली. म्हणाल्या, रॉकेलचा वास येतोय. ताय तशीच पाटी घेऊन माझ्या दारात आली. मी जेवायला बसलो होतो. तिने पाटी उंबऱ्यावर ठेवली.

"खा तुझ्या कंपनीचा," म्हणाली. "आथा तुझ्या घरचा घोटभर पानी नको मना."

मी उष्ट्या हाताने बाहेर आलो. तिला सांगितलं की आमचं पाणी तपासून सोडतात, मी स्वतः सोडतो, वास आला असेल तर होड्यांच्या इंजिनाचा. ती म्हणाली, "होऱ्या आपल्या बापाच्या वक्तापासून हायेत. वास औंदा आलाय."

मी हात धुवायला आत गेलो. पण आत गेलो म्हणून आपलं चुकलं असं होत नाही. माझं म्हणणं आजही तेच आहे.

तायने शब्द पाळला. आमच्याकडे यायची, ओट्यावर बसायची, बायकोशी बोलायची, पोरांना ओरडायची, पण जेवण सोडा, पाणीसुद्धा घ्यायची नाही. माझ्याशी बोलणं बंद. काही सांगायचं असलं तर बायकोकडे बघून सांगायची, मी समोर बसलेला असलो तरी. माझ्या पोराच्या लग्नात धवले तिनेच गायले, कारण गावात तिच्यासारखं लग्नाचं गाणं कोणाला येत नाही. घसा सुकला की मांडवातून उठायची, चार घरं ओलांडून आपल्या घरी पाणी पिऊन यायची, आणि जिथे सोडली त्याच ओळीपासून पुन्हा धरायची. तोवर मांडव थांबलेला. भटजी घड्याळ बघतोय. व्याह्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, तिला घरच्या माठाचंच पाणी लागतं. माझी बायको अशा वेळी माझ्याकडे बघायची. मी दुसरीकडे बघायचो. तायने एकदा माझ्या घरात पानावर बसावं, एवढंच बायकोचं मागणं होतं. माझंही होतं, पण मी कशाला बोलू?

अशी वर्षं गेली. मग थंडीच्या दिवसांत जित्राबं मेली.

समुद्रात प्लॅटफॉर्मवर एका विहिरीत औषध मारलं होतं. पाइपात खडे धरतात, ते विरघळवायला मारतात. ते आलं पाण्याबरोबर इकडे, आणि इकडे कळायला उशीर झाला. सकाळी मी टाकीवर गेलो तर रंग राखाडी. फेस कमरेएवढा चढलेला, आणि वास सडक्या अंड्याचा. खालून हवा येत होती, पण नुसतं पाणी उकळल्यासारखं दिसत होतं. आत जीव नव्हता. म्हैस मेलेली लांबून कळते तसं मला कळलं.

तिथे केमिस्ट म्हणून एक मॅडम होत्या, नागपूरकडच्या, माझ्या पोरीच्या वयाच्या. त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे खाडीकडचं गेट बंद. चावी स्वतःच्या ड्रॉवरमध्ये. सगळं पाणी मोठ्या तळ्यात वळवलं. तळं मोठं होतं, पण पाणी यायचं थांबत नव्हतं. ते भरलं की दोनच रस्ते. एक तर समुद्रातलं तेल थांबवायचं, नाहीतर पाणी तसंच खाडीत. तेल कोण थांबवतो, हे चौथी शिकलेल्यालाही कळतं. मॅडम म्हणाल्या, मी असेपर्यंत गेट उघडणार नाही. त्यांचं मला पटलं, पण त्यांच्या वर किती साहेब होते ते मला माहीत होतं. आणि एक गोष्ट मला पक्की माहीत होती. ह्या वेळी खाडीत वास गेला तर माझी ताय माझ्या मयताला येईल, पण पानावर बसणार नाही.

जित्राबं पुन्हा धरायची म्हणजे शेण लागतं. ताजं. त्यातूनच किडे वाढतात. कॉन्ट्रॅक्टरने पनवेलकडच्या तबेल्यातून गाडी भरून आणली. आम्ही ते शेण कालवून टाकीत सोडलं. दोन दिवस वाट बघितली. काही नाही, टाकी तशीच राखाडी. मॅडमनी समजावून सांगितलं की हे शेण गोड्या पाण्यावरच्या ढोरांचं, ह्या मिठात त्यातले किडे लोणच्याच्या फोडीसारखे पाणी सोडतात आणि मरतात. मग त्यांनी विचारलं, "खाडीच्या काठाला चरणारी जनावरं कोणाकडे आहेत का? खारं गवत खाणारी?"

तिथे आम्ही पाच-सहा जण उभे होतो, सगळे आसपासच्या गावांतले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. कंटेनरची गोदामं आली तशी गावातल्या सगळ्यांनी ढोरं विकली होती. बंधाऱ्याच्या पलीकडे खाजणाचा, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या खाऱ्या जमिनीचा, एक पट्टा उरला होता आणि त्यावर चरत होत्या त्या माझ्या तायच्या म्हशी. दिवसभर खारं गवत खायच्या आणि दुपारी खाडीच्या चिखलात लोळायच्या.

"काका, तुम्ही काऊन बोलत नाही?" मॅडम म्हणाल्या.

मी म्हटलं, माहीत नाही कोणाकडे आहेत. फिटर म्हणाला, "मॅडम, ह्याच्या सख्ख्या बहिणीकडे आहेत. पण हा जाणार नाही. हा मरेल, पण जाणार नाही."

खरंच मी जाणार नव्हतो. सरळ सांगितलं, दुसऱ्या कोणालाही पाठवा. मॅडमनी एकाला पाठवला. ताय त्याला म्हणाली, ज्याला पाहिजे त्याने यावं. हे त्याने सगळ्यांसमोर येऊन सांगितलं, आणि वर हसला. घरी बायकोने ऐकलं आणि ताटात भाकरी वाढली ती जरा जोरात वाढली.

दुसऱ्या दिवशी तळं आणखी चढलं होतं. शिफ्ट सुटली तसा मी घरी न जाता थेट तायकडे गेलो. इतक्या वर्षांनी पहिला शब्द बोलायचा तर काय बोलावं, ह्याचा विचार रस्ताभर केला होता. अंगणात पाय ठेवला आणि तोंडातून निघालं, "ताय, शेण पाहिजे."

ती तुळशीपाशी उभी होती. दिवा नुकताच ठेवलेला.

"दिवा लावला रं मी आथाच," ती म्हणाली. "दिवेलागनीला घरातली लक्ष्मी मांगाला आलास? तुझ्या कंपनीन दिवस-रात कलत नाय काय?"

आमच्यात दिवा लागल्यावर दूध, मीठ, शेण, काही घराबाहेर देत नाहीत. हे मला लहानपणापासून माहीत. आई तर शेजारणीला विरजणसुद्धा द्यायची नाही. पण कंपनीत दिवसरात्र ट्यूबलाइट जळत असतात, आणि मी डोक्यात तळं घेऊन आलेलो. मी मागे वळलो. पाठीमागून आवाज आला, "क्याला पायजे?"

मी पायरीखालीच उभा राहून सांगितलं. टाकी, औषध, मेलेली जित्राबं, भरत आलेलं तळं, सगळं. तिने मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "म्हनजे तुमची ढोरा मेली आनि आथा माझ्या म्हशींच्या शेपटाखाली आलाव."

मी म्हटलं, हो, आलो.

"सकाली ये. पन मी संगती येनार. माझ्या म्हशींचा शेन कुठं पडतंय ते मी बघनार."

सकाळी टेम्पोत पुढे ड्रायव्हर, ताय आणि मी, मागे शेणाची पिंपं. गेटवर तमाशा झाला. पासवर तिचा फोटो काढताना तिने पदर तीनदा सारखा केला. हेल्मेट अंबाड्यावर बसेना, तर ते पदरावरून तिरकं चढवलं. कंपनीच्या बुटांतला एकही तिच्या मापाचा नव्हता, म्हणून मॅडमनी आपले गमबूट दिले. काष्टीच्या लुगड्याखाली गमबूट घालून ती चार पावलं चालली आणि थांबली. म्हणाली, पाय आंधले झाले. जन्मभर अनवाणी चिखलात निवटी शोधणारे पाय ते, त्यांना जमीन लागेना. मग माझ्या खांद्याला धरून चालली. बोलली नाही, पण धरून चालली.

टाकीच्या कठड्यावरून तिने वाकून आत बघितलं. मग विचारलं, हा एवढा खारा पानी येतो कुठनं? मी सांगितलं, तेलाबरोबर, जमिनीच्या पोटातून.

"मंग तो पोटानच ठेवाचा," ती म्हणाली.

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "ताई, काही ठिकाणी तसंच करतात. परत विहिरीत ढकलतात." तायने माझ्याकडे असं बघितलं की जणू हे मी आजवर तिच्यापासून लपवून ठेवलं होतं.

शेण थेट टाकीत टाकायचं नाही, असं मॅडमनी ठरवलं होतं. आधी पिंपात, खाडीचा गाळ आणि खाडीचं पाणी घालून. मग रोज थोडं थोडं टाकीतलं पाणी वाढवायचं, म्हणजे त्यांना मिठाची आणि तेलाची सवय होईल. नव्या सुनेला तिखटाची सवय लावतात तसं. तायने कमरेच्या पिशवीतून हळद-कुंकू काढलं आणि प्रत्येक पिंपाला बोट लावलं. नवीन जित्राब गोठ्यात आणलं की लावतात तसं. सेफ्टीवाला काहीतरी बोलायला पुढे आला, मॅडमनी त्याला हाताने थांबवलं.

त्यानंतर ती रोज आली. म्हशी सोडायच्या आधी शेण भरायचं, टेम्पोत बसायचं, टाकीवर यायचं. मॅडम रोज चहा विचारायच्या, ती रोज म्हणायची, माझा झालाय. शेडमध्ये पिंपावर टेकून बसायची आणि मी काय करतो ते बघायची. मी फावड्याने ढवळायला लागलो की तिथून सांगायची, तलातनं ढवल, वरवर काय करतोस, आमटी ढवलतोस काय? म्हणजे माझ्याशी बोलणं सुरू झालं होतं. सगळं ओरडणंच होतं, पण मधे बायको लागत नव्हती.

तळं मात्र थांबत नव्हतं. काठाला एक वीत राहिली. वरचे साहेब येऊन बघून गेले. बाजूला उभं राहून मॅडमशी बोलले, इंग्रजीत, पण हात खाडीकडे करत होते. ताय माझ्या शेजारी उभी होती. तिला इंग्रजी येत नाही आणि मलाही येत नाही, तरी आम्हाला दोघांनाही सगळं कळलं. मॅडम मान हलवत राहिल्या. साहेब गेले.

"गेट उघरनार काय?" तायने विचारलं.

मी म्हटलं, बाई धरून ठेवतेय तोवर नाही.

"आनि तिनं सोरला तर?"

मी फावडं उचललं. मी ढवळत राहिलो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मॅडमनी पिंपातलं पाणी टाकीत सोडायला सांगितलं. आणखी दोन-तीन दिवसांनी त्यांनी तायला लॅबमध्ये बोलावलं आणि किडे बघायच्या दुर्बिणीला डोळा लावायला लावला. मी दारात उभा होतो. ताय एक डोळा मिटून बराच वेळ वाकून होती.

"वलवलतंय काय तरी," ती म्हणाली. "हे खातात तेल?"

"हो, ताई."

"आनि हागतात काय?"

मॅडमना हसू आवरेना. म्हणाल्या, जास्तीत जास्त पाणी आणि हवा.

"मंग बरी हायेत," ताय म्हणाली. "मानसापरीस बरी."

टाकी हळूहळू पिवळट झाली, मग मातकट, आणि एका सकाळी मी शेडच्या कोपऱ्यावरून वळलो तर फेस बसलेला. रंग चोथ्याचा. मी जवळ जायच्या आधीच वास आला. मागून ताय येत होती, तिने हेल्मेट वर सरकवलं आणि नाक पुढे केलं. म्हणाली, "आवन काढताना येतो तसा वास हाय." आवण म्हणजे भाताचं रोप. मी म्हटलं, तोच. मला त्या दिवशी पगारवाढ मिळाली असती तरी एवढं बरं वाटलं नसतं.

लॅबमध्ये पास व्हायला आणखी काही दिवस गेले, पण टाकीतून निघणारं पाणी तोवर साफ पाण्यासाठी राखलेल्या टाक्यांत साठवलं, आणि तळं त्याच काठावर थांबलं. टाकी खायला लागली होती. मग मॅडमनी ड्रॉवरमधून चावी काढली, आणि गेट मी उघडलं. ओहोटीला. ताय गेटवर आली नव्हती. तिच्या म्हशींचं काम संपलं होतं, तिने येणं थांबवलं होतं.

पुढचे काही दिवस ती ओहोटीला आमच्या पाण्याच्या तोंडाशी उतरताना लोकांना दिसली. चिखल हातात घेऊन वास घ्यायची, असं फिटरने सांगितलं. मी विचारायला गेलो नाही. बायको म्हणाली, आता तरी जाऊन जेवायला बोलाव. मी म्हटलं, आता तिची पाळी. मी एकदा गेलो होतो.

बायकोने मग आपल्या परीने तयारी चालू ठेवली. दर रविवारी काहीतरी चांगलं करून ठेवायची. कधी खेकड्याचं कालवण, कधी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकं. ताय काही यायची नाही, आम्हीच खायचो. माझी त्यात तक्रार नव्हती.

ताय आली ती सोमवारी. सोमवारी आमच्याकडे मच्छी नसते. मुगाची आमटी, भात आणि वांग्याची भाजी, आणि भाजीही कालची. मी पानावर होतो. ती ओट्यावर न थांबता सरळ आत आली, पाय धुतलेले, आणि माझ्या समोर भिंतीला टेकून बसली.

"वार गो," बायकोला म्हणाली. "भूक लागलीय."

 बायकोच्या हातातला डाव आमटीत तसाच. मग म्हणाली, अहो ताई, आज सोमवार, आज काही नाही घरात, उद्या या ना, उद्या मी...

"आज भूक लागलीय, उद्याचा काय सांगतेस?"

तिने वाढलं. ताय जेवली. आमटीला मीठ कमी आहे म्हणाली, आणि बायको मीठ आणायला धावली ती डोळे पुसत. मी भातात लक्ष घातलं. ताय भात दोनदा मागून घेऊन तांब्याभर पाणी प्यायली, घटाघट, आणि तोंड पदराने पुसलं.

मला वाटलं आता काहीतरी चांगलं बोलेल. ती म्हणाली, "औंदा पानी बरा हाय. पन त्या वर्साला वास तुमचाच व्हता."

मी म्हटलं, होड्यांचा होता.

"कंपनीचा व्हता."

"होड्यांचा."

बायको मिठाची वाटी हातात तशीच धरून दोघांच्या मधे उभी राहिली आणि म्हणाली, आजच्या दिवस तरी गप्प बसा. आम्ही दोघांनीही ऐकलं नाही. ताय पुन्हा आमटी मागेपर्यंत तेच चाललं होतं.